१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी नैसर्गिक संख्या असून ती १११११११११ या नऊ एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग आहे. तिचे अंक १ पासून ९ पर्यंत क्रमाने चढतात व पुन्हा १ पर्यंत क्रमाने उतरतात. त्यामुळे ती डावीकडून व उजवीकडून सारखीच वाचली जाते. भारतीय गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' या नावाने अभ्यासलेल्या नऊ संख्यांपैकी ही शेवटची व सर्वांत मोठी होय. 'डेम्लो' हे नाव ठाणे जिल्ह्यातील एका रेल्वे स्थानकावरून घेतलेले आहे. हे स्थानक आज डोंबिवली या नावाने ओळखले जाते.

अंकांची आकर्षक मांडणी हा या संख्येचा एकमेव विशेष नाही. तिच्या अंकांचे डावा, मधला व उजवा असे तीन भाग केले असता त्यांच्यात जो संबंध आढळतो, त्यातून तिचे अवयव थेट मिळतात. नऊपेक्षा अधिक एकांच्या वर्गांपैकी कोणते या संबंधाला धरून राहतात व कोणते राहत नाहीत, याचेही उत्तर त्यातच आहे.

## वाचन व लेखन

भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देऊन ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाते. लाख-कोटींच्या भाषेत ती '१२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१' अशी वाचता येते.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथात एकापासून परार्धापर्यंतच्या अठरा स्थानांची नावे दिली आहेत. प्रस्तुत संख्येत सतरा अंक असल्याने तिचा पहिला अंक सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानी येतो. या नावांनुसार तिचे वाचन १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ असे होते. प्रचलित भाषेत अर्बुदाला दशकोटी, प्रयुताला दशलक्ष आणि अयुताला दशसहस्र म्हणतात.

## इतिहास व नाव

### महावीराचार्य

चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्येचा उल्लेख भारतीय गणितात बराच जुना आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यात एका गणिताचे उत्तर म्हणून येणाऱ्या १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन, एकापासून सहापर्यंत जाणारी व मग क्रमाने कमी होणारी संख्या, अशा आशयाने केले आहे. ही संख्या ११११११ या सहा एकांच्या संख्येचा वर्ग आहे. कापरेकरांच्या नऊ अद्भुत संख्यांमध्ये ती सहावी ठरते.

### कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाणे येथे व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते.

कापरेकरांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नव्हते. त्यांचे पुष्कळसे लेखन मर्यादित प्रसाराच्या नियतकालिकांत व त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकांत आले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कामाविषयी लिहिले. त्यानंतर भारताबाहेर त्यांचे नाव मोठ्या प्रमाणावर परिचित झाले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

डेम्लो संख्यांवरील काम हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी आहे. 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात १९३८ मध्ये अद्भुत डेम्लो संख्यांवर त्यांचे टिपण आले. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर व कापरेकर यांनी मिळून लिहिलेला डेम्लो संख्यांच्या सिद्धान्तावरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'कापरेकर स्थिरांक' म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांना यानंतर दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, आढळला.

### डेम्लो स्थानक

या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना कापरेकरांना तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर सुचली, म्हणून संख्यांना त्या स्थानकाचे नाव मिळाले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली होय. डोंबिवलीनंतर कल्याण येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कर्जतमार्गे पुण्याकडे जातो. दुसरा टिटवाळा, आसनगाव व कसारा या मार्गाने थळ घाट चढून इगतपुरी, देवळाली व नाशिककडे जातो. कापरेकरांचे शालेय शिक्षण झाले ते ठाणे, संख्यांना नाव देणारे डोंबिवली आणि त्यांनी अध्यापन केले ते देवळाली ही तिन्ही ठिकाणे टिटवाळ्यावरून जाणाऱ्या या एकाच लोहमार्गावर आहेत. देवळालीचे नावही त्यांनी 'देवळाली संख्या' या दुसऱ्या एका संख्याप्रकाराला दिले. जी.आय.पी. रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत समाविष्ट झाली.

## निर्मिती

केवळ १ या अंकाच्या पुनरावृत्तीने बनलेल्या १, ११, १११, ११११ अशा संख्यांना रेपयुनिट म्हणतात. रेपयुनिटचा वर्ग उभ्या मांडणीने केल्यास चढत्या-उतरत्या अंकांचे कारण स्पष्ट होते. ११११ × ११११ या गुणाकारात प्रत्येक ओळीत ११११ हीच संख्या येते. मात्र प्रत्येक पुढची ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणजेच हा गुणाकार पुढील चार संख्यांची बेरीज असतो:

- ११११
- ११११०
- ११११००
- ११११०००

एकं स्थानी फक्त पहिल्या ओळीतील १ येतो. दहं स्थानी दोन ओळींतील, शतं स्थानी तीन ओळींतील आणि सहस्र स्थानी चारही ओळींतील १ येतात. त्यापुढे एकेक ओळ संपत जाते व बेरीज पुन्हा ३, २, १ अशी उतरते. म्हणून उत्तर १२३४३२१ येते.

प्रत्येक घरातील बेरीज म्हणजे त्या घरात आलेल्या एकांची संख्या होय. ही बेरीज जोपर्यंत ९ किंवा त्याहून कमी आहे, तोपर्यंत हातचा घ्यावा लागत नाही व क्रम अबाधित राहतो. नऊ एकांच्या वर्गात मधल्या घरातील बेरीज नेमकी ९ होते. दशमान पद्धतीतील सर्वांत मोठा अंक ९ असल्याने हातच्याविना होणारा हा शेवटचा वर्ग आहे.

## नऊ अद्भुत डेम्लो संख्या

या संख्या व त्यांच्या वर्गमुळांचे मूळ अवयव पुढीलप्रमाणे आहेत:

- १ : वर्गमूळ १
- १२१ : वर्गमूळ ११ (मूळ संख्या)
- १२३२१ : वर्गमूळ १११ = ३ × ३७
- १२३४३२१ : वर्गमूळ ११११ = ११ × १०१
- १२३४५४३२१ : वर्गमूळ १११११ = ४१ × २७१
- १२३४५६५४३२१ : वर्गमूळ ११११११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७
- १२३४५६७६५४३२१ : वर्गमूळ १११११११ = २३९ × ४६४९
- १२३४५६७८७६५४३२१ : वर्गमूळ ११११११११ = ११ × ७३ × १०१ × १३७
- १२३४५६७८९८७६५४३२१ : वर्गमूळ १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

## अवयव व विभाजक

१११११११११ या संख्येत १११ चा गट तीनदा येतो. म्हणून ती १११ × १००१००१ एवढी आहे. यांपैकी १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. ३, ३७ व ३३३६६७ या तिन्ही मूळ संख्या आहेत. वर्ग केल्यावर प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. त्यामुळे प्रस्तुत संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो.

यावरून तिच्या विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५ एवढी मिळते. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, कारण वर्गमुळाला स्वतःखेरीज वेगळा जोडीदार नसतो. विभाजक चढत्या क्रमाने मांडल्यास बरोबर मधला, म्हणजे तेविसावा, विभाजक १११११११११ हा येतो. सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ आहे. ही बेरीज मूळ संख्येच्या दुपटीपेक्षा कमी असल्याने संख्या न्यून प्रकारची ठरते.

### दोन वर्गांची बेरीज

३७ या अवयवामुळे ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपातही मांडता येते. १२, ३५ व ३७ या लांबीच्या बाजूंचा त्रिकोण काटकोन त्रिकोण असतो, कारण १४४ + १२२५ = १३६९. या तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणल्यास ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११ या बाजू मिळतात. म्हणून ३६०३६०३६ चा वर्ग व १०५१०५१०५ चा वर्ग यांची बेरीज १२३४५६७८९८७६५४३२१ होते. ३ व ३३३६६७ या मूळ संख्यांना ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. अशा मूळ संख्यांमुळे दोन वर्गांच्या बेरजेची नवी मांडणी मिळत नाही. त्यामुळे शून्येतर वर्गांची अशी जोडी ही एकच आहे.

## अंकांची बेरीज

या संख्येतील अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ × ९ आहे. नऊ ओळींच्या उभ्या मांडणीत प्रत्येक ओळीत नऊ एक असतात व एकही हातचा घेतला जात नाही. त्यामुळे ८१ एक तसेच्या तसे उत्तराच्या अंकांमध्ये वाटले जातात. याच कारणाने नऊ अद्भुत डेम्लो संख्यांपैकी प्रत्येकीच्या अंकांची बेरीज वर्गमुळातील एकांच्या संख्येचा वर्ग असते.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद संख्या' असे नाव दिले. प्रस्तुत संख्येत ३ हा अवयव चार वेळा येत असल्याने तिला ८१ ने भाग जातो आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. हा भागाकार १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे ही संख्या हर्षदही आहे. नऊ अद्भुत डेम्लो संख्यांपैकी १, १२३२१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१ एवढ्या तीनच संख्या हर्षद आहेत, कारण एक ते नऊ एकांच्या रेपयुनिटांपैकी १, १११ व १११११११११ यांनाच त्यांच्यातील एकांच्या संख्येने निःशेष भाग जातो.

## डेम्लो संख्या म्हणून रचना

### व्याख्या

कापरेकरांच्या व्याख्येनुसार डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. डाव्या व उजव्या भागांतील अंकांची संख्या समान असते. डाव्या भागाच्या आरंभी गरजेप्रमाणे शून्य धरता येते. या दोन भागांची बेरीज केली असता एकाच अंकाची पुनरावृत्ती असलेली संख्या मिळते. मधल्या भागात तोच अंक कितीही वेळा येऊ शकतो.

उदाहरणार्थ, ४७७७३ या संख्येचा डावा भाग ४, उजवा भाग ३ व मधला भाग ७७७ आहे; ४ + ३ = ७. तसेच ५२२२१७ या संख्येचा डावा भाग ०५, मधला भाग २२२ व उजवा भाग १७ आहे; ०५ + १७ = २२. १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचा डावा भाग १२३४५६७८, मधला ९ आणि उजवा ८७६५४३२१ आहे. या दोन भागांची बेरीज ९९९९९९९९ होते. म्हणून ती डेम्लो संख्या आहे.

### रेपयुनिटशी संबंध

डेम्लो संख्येची ही तीन भागांची रचना व रेपयुनिटचा गुणाकार या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. डाव्या भागाची किंमत 'ड', पुनरावृत्त अंक 'प' आणि मधला व उजवा भाग मिळून अंकांची संख्या 'न' मानल्यास डेम्लो संख्या पुढील सूत्राने मिळते:

डेम्लो संख्या = (न एकांचे रेपयुनिट) × (९ × ड + प)

याची सिद्धता सोपी आहे. संख्येत ड हा भाग 'न' घरे डावीकडे असतो. त्याची किंमत ड गुणिले '१ वर न शून्ये' एवढी होते. '१ वर न शून्ये' ही संख्या न नऊंच्या संख्येपेक्षा एकाने मोठी असते. म्हणून ही किंमत ड गुणिले 'न नऊंची संख्या' अधिक ड अशी लिहिता येते. हा सुटा ड उजव्या भागात मिळवला की व्याख्येप्रमाणे त्या भागातील प्रत्येक अंक प होतो. मधल्या भागातील अंक आधीच प असल्याने एकूण न वेळा प असलेली संख्या तयार होते. आता 'न नऊंची संख्या' म्हणजे रेपयुनिटची नऊपट आणि 'न वेळा प' म्हणजे रेपयुनिटची पपट. दोन्हींतून रेपयुनिट बाहेर काढल्यास वरील सूत्र मिळते.

४७७७३ साठी हे सूत्र ११११ × ४३ असे येते, तर ५२२२१७ साठी १११११ × ४७. प्रस्तुत संख्येत ड = १२३४५६७८, प = ९ व न = ९ आहे. ९ × १२३४५६७८ + ९ = १११११११११; त्यामुळे दुसरा अवयवही नऊ एकांचे रेपयुनिटच निघतो आणि संख्या पूर्ण वर्ग ठरते.

या सूत्रावरून असेही दिसते की, डावा भाग शून्य नसेल आणि न किमान २ असेल, तर कोणतीही डेम्लो संख्या मूळ संख्या असू शकत नाही. याउलट, अंकांच्या मांडणीत साधर्म्य असलेली १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. तिच्यात ९ नंतर १० लिहून मग उतरता क्रम दिला आहे. ती रेपयुनिटचा वर्ग नाही.

## नऊपेक्षा अधिक एकांचे वर्ग

दहा एकांच्या संख्येचा वर्ग करताना मधल्या घरात १० येतात. तेथे ० लिहून १ हातचा डावीकडे जातो. त्या घरातील ९ चे १० होतात व पुन्हा एक हातचा पुढे जातो. त्यामुळे त्यापलीकडील ८ चा ९ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. डावीकडच्या चढत्या क्रमातून ८ नाहीसा होतो व दोन्ही बाजूंचे साम्य मोडते.

आणखी मोठ्या रेपयुनिटांच्या वर्गांची सुरुवात १२३४५६७९०१२... अशी होत जाते. न एकांचे रेपयुनिट म्हणजे '१ वर न शून्ये' या संख्येतून १ वजा करून ९ ने भागल्यास येणारी संख्या. तिच्या वर्गाचा छेद ८१ असतो आणि १ भागिले ८१ हा ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असा आवर्ती दशांश अपूर्णांक आहे. आवर्ती गटात ८ येत नाही, हे येथेही हातच्यामुळेच घडते. १२३४५६७९ × ९ = १११११११११ हा सुपरिचित गुणाकार याच अपूर्णांकातून आलेला आहे.

साम्य मोडले तरी डेम्लो रचना बहुतेक वर्गांत टिकून राहते. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ हा आहे. त्याचा डावा भाग १२३४५६७९०१, मधला २ व उजवा ०९८७६५४३२१ असून बेरीज २२२२२२२२२२ होते. बारा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२३२०९८७६५४३२१ हा आहे. त्यातील डाव्या व उजव्या भागांची बेरीज ३३३३३३३३३३३ होते.

दहा एकांच्या वर्गात मात्र हे जमत नाही. वरील सूत्रानुसार ९ × ड + प = ११११११११११ हवे. यावरून प = १ आणि ड = १२३४५६७९० मिळते. पण दोन्ही भागांची बेरीज ११११११११ वर आणखी एक १, म्हणजे नऊ एक, यायला हवी आणि डावा भाग एकटाच तिच्यापेक्षा मोठा आहे. उजव्या भागासाठी धन संख्या उरतच नाही. एकांच्या संख्येला ९ ने भागून बाकी १ उरते तेथे प्रत्येक वेळी हीच अडचण येते. म्हणून १०, १९, २८ अशा संख्येने एक असलेल्या रेपयुनिटांचे वर्ग डेम्लो संख्या नाहीत. बाकी २ किंवा अधिक असल्यास, अथवा भाग निःशेष गेल्यास, रचना टिकते.

## संज्ञेच्या वापरातील भेद

'डेम्लो संख्या' ही संज्ञा आज दोन अर्थांनी वापरली जाते. कापरेकरांच्या मूळ अर्थी ती तीन भागांच्या रचनेची संख्या आहे. ती वर्ग असणे आवश्यक नाही. काही लेखक मात्र सर्व रेपयुनिटांच्या वर्गांच्या अनंत क्रमिकेला डेम्लो संख्या किंवा अद्भुत डेम्लो संख्या म्हणतात. हे दोन अर्थ एकमेकांना पूर्णपणे झाकत नाहीत. ४७७७३ ही संख्या मूळ व्याख्येप्रमाणे डेम्लो आहे, पण वर्ग नाही. दहा एकांचा वर्ग दुसऱ्या अर्थी क्रमिकेत येतो, पण मूळ व्याख्येत बसत नाही. पहिल्या नऊ वर्गांबाबत दोन्ही अर्थ जुळतात. १२३४५६७८९८७६५४३२१ ही त्या जुळणीची शेवटची मर्यादा आहे.

## इतर पायांच्या पद्धतींत

चढत्या-उतरत्या अंकांचा गुणधर्म केवळ दशमान पद्धतीपुरता नाही. कोणत्याही पायाच्या पद्धतीत पायापेक्षा एकाने कमी एवढे एक असलेल्या रेपयुनिटचा वर्ग हातच्याविना करता येतो. अष्टमान पद्धतीत १११११११ या सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो व तेथे हीच शेवटची अद्भुत संख्या असते. त्रिमान पद्धतीत ११ चा वर्ग १२१ येतो. दशमान पद्धतीत हे ४ चा वर्ग १६ होय. ९ वर येणारी मर्यादा ही संख्येची नसून तिच्या लेखनपद्धतीची आहे.

## संगणकीय अचूकता

या संख्येचे सर्व अंक आधीच माहीत असल्याने मोठ्या संख्यांवरील गणनेची अचूकता तपासण्यास ती सोयीची आहे. अनेक संगणकीय प्रणालींत संख्या ६४ बिटांच्या दशांशचिन्हीय रूपात साठवल्या जातात. या रूपात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सर्व पूर्ण संख्या अचूक मांडता येतात. त्यापुढे, या मर्यादेच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या मांडता येतात. १२३४५६७८९८७६५४३२१ ही या मर्यादेपेक्षा मोठी व विषम असल्याने तिच्याऐवजी १२३४५६७८९८७६५४३२० साठवली जाते. जावास्क्रिप्टमध्ये १११११११११ × १११११११११ या गुणाकाराचे उत्तर असेच दिसते. पंधरा अर्थपूर्ण अंकच दाखवणाऱ्या स्प्रेडशीटमध्ये उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसते.

दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, हे आकडेमोड न करताही ओळखता येते, कारण विषम संख्येचा वर्ग विषमच असतो. ६४ बिटांच्या पूर्णांक प्रकारात मात्र ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतच्या संख्या बसतात. त्यात ही संख्या अचूक साठवता येते.

## हेही पहा

- दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर
- कापरेकर स्थिरांक
- हर्षद संख्या
- देवळाली संख्या
- गणितसारसंग्रह
- डोंबिवली रेल्वे स्थानक